हुंकार देणारा पेजर

कीर्तन करणाऱ्याला गळा लागतो, पण गळ्याहून जास्त लागतो तो हुंकार. समोरचा एक जण तरी ‘हं’, ‘हो महाराज’, ‘राम राम, मग?’ असं म्हणत राहिला तरच कथा पुढं सरकते. नाहीतर ती चिखलात रुतलेल्या बैलबंडीसारखी जागच्या जागी कुरकुरत बसते. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावांत तर हा रिवाजच होता. महाराज उभे, मागे टाळ-मृदंग, आणि समोर, पहिल्या रांगेच्याही पुढं, चटईच्या तुकड्यावर एकटा बसलेला हुंकारी. त्यानं हुंकार थांबवला की महाराजांनी कथा थांबवायची. महाराजांनी कथा संपवल्याखेरीज हुंकाऱ्यानं उठायचं नाही. आणि एकदा तोंडातून ‘हो’ गेलं की ते परत घ्यायचं नाही, मग पुढं कथेत राक्षस का येईना.

इंदरलाल महाराजांचा हुंकारी होता टेकचंद. दोघांनी मिळून अर्धा जिल्हा रामकथेनं भिजवून काढला होता. टेकचंदच्या हुंकारात सगळं असायचं. दशरथानं वर दिला की त्याचा ‘हं’ काळजीनं लांबायचा. हनुमंतानं उडी मारली की ‘हो!’ असा यायचा की पुढची पोरं दचकायची. केवट नावाडी रामाचे पाय धुवायला बसला की त्याचा ‘हो जी’ इतका ओला यायचा, की मागच्या बायका आधीच पदर हातात घेऊन ठेवत.

पण गेल्या साली दरेकशा गावच्या कीर्तनात घात झाला. यजमानानं उडदाचे वडे आग्रह कर-करून वाढले, टेकचंदनं ते मान ठेव-ठेवून खाल्ले, आणि कथेत त्याचा डोळा लागला. डोळा लागला तरी हुंकार चालूच राहिला, इतकी त्याची तयारी. महाराज रडवेल्या आवाजात म्हणाले, “अन् लक्ष्मणानं सीतामाईले त्या घोर वनात एकटं सोडलं...”

टेकचंद झोपेत म्हणाला, “बरं झालं, महाराज.”

मृदंगवाल्याला मृदंग खाली ठेवावा लागला, इतका तो हसला. महाराजांचं तोंड लाल झालं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “टेकचंद, तुझ्या जागी म्हैस बसवली असती ना, तर तिनं तरी वेळेवर कान हलवला असता.”

टेकचंदनं चटई गुंडाळली, काखेत मारली आणि सकाळच्या गाडीनं थेट गोंदियाला, लेकीकडं निघून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद झालं ते ठीक, पण महाराजांचा गळाही बंद पडला. नवे हुंकारी करून पाहिले. उदाराम बसला, तर त्याच्या हुंकारात आणि खोकल्यात फरक कळेना. मग कथा समितीचे अध्यक्ष श्यामलाल स्वतः बसले. ते घाईचे.

महाराज म्हणाले, “राम म्हणाले...”

“हो महाराज,” श्यामलाल म्हणाले.

“अरे, काय म्हणाले ते तर ऐका.”

“राम म्हणाले म्हणजे बरोबरच म्हणाले असतील. पुढे चला.”

असं म्हटल्यावर कथेला पुढं जायला रस्ताच उरत नाही. महाराजांची दोन कीर्तनं अर्ध्यात बसली. समितीनं मग सांगूनच टाकलं, की हनुमान जयंतीची कथाही अशीच आपटली, तर पुढच्या सालापासून बालाघाटकडचे ते महाराज बोलवू. ते गळ्यात माईक अडकवतात, सोबत कॅसिओ वाजतो आणि हुंकाराची गरजच ठेवत नाहीत.

महाराजांच्या जिवाला हे फार लागलं. जेवणावरचं मन उडालं. गोमतीबाईंनी ताट सरकवत म्हटलं, “अजी, एक डाव गोंदियाले जाऊन या. एक शब्द बोला. पाय काही झिजत नाहीत.”

“मी कायले जाऊ? झोपला तो.”

“अन् म्हैस कोण म्हणलं?”

महाराजांनी गोठ्याकडं पाहिलं. म्हशीनं कान हलवला. महाराजांनी ताट पुढं ओढलं.

अशात जवाई आले. लेक भूमेश्वरीचा नवरा उमेंद्र गोंदियात एका पेजर कंपनीत होता. साल दोन हजार. मोबाइल अजून आमच्याकडं फक्त सिनेमात दिसायचा. उमेंद्रनं पिशवीतून साबणाच्या वडीएवढा काळा डबा काढून सासऱ्यांपुढं ठेवला. झाकण उघडलं तर आत हरभऱ्यांसारखी बारीक बटणं आणि इवलीशी काच.

“मामाजी, ट्रायलचे दोन आले आहेत. एक तुमाले.”

जवायानं दिलेली वस्तू नको म्हणता येत नाही. महाराजांनी ती कपाळाला लावली आणि विचारलं, “हे करते काय, जवाईबापू?”

“पेजर आहे जी. जुना पेजर होता ना, त्यावर फक्त मैसेज यायचा. उत्तर द्याचं तर धावत एसटीडीवर जा. समोरच्याले पत्ताच नाही, की आपलं पोहोचलं का नाही.”

“म्हणजे आकाशवाणी,” महाराज म्हणाले. “कंसाले ऐकू आली, पण त्याले उलटून विचारता नाही आलं.”

“बराबर. अन् हा टू-वे आहे. इकडून बटण दाबलं की तिकडे वाजते. तिकडच्यानं दाबलं की इकडे काचेवर उत्तर येते. लिहाची बी गरज नाही, उत्तर आधीच भरून ठेवलं आहे. हे पाहा, येस.”

“येस म्हणजे?”

“हो.”

महाराज पुढं सरकले. “जवाईबापू,” ते हळूच म्हणाले, “याले हुंकार येते?”

आता महाराजांचं डोकं एकदा कथेत शिरलं की बाहेर निघत नाही. ते म्हणाले, दुसरा डबा टेकचंदला नेऊन द्या. त्यानं गोंदियातच बसावं, मी इथं उभा राहतो. ना त्याला माझं तोंड पाहायला लागणार, ना मला त्याचं.

“पण आवाज जात नाही मामाजी. टेकचंद काकाजीले कथा ऐकू येणार नाही.”

“ऐकाची गरजच काय? त्याले साऱ्या कथा पाठ आहेत. वाजलं की समजते तो, कोणत्या ओळीवर आलो ते.”

उमेंद्र टेकचंदकडं जाऊन आला आणि निरोप घेऊन आला. “काकाजी म्हणाले, महाराजाशी मी बोलत नाही. पण कथेले हुंकार देईन. कथेनं मले म्हैस म्हणलं नाही.”

एक अडचण होती. कंपनीचा अँटेना गोंदियातल्या कुठल्याशा राइस मिलच्या टाकीवर. गावात त्याची हवा लागेना. उमेंद्र आरतीचं तबक धरल्यासारखा पेजर वर करून गावभर फिरला. देवळाच्या कळसाशी नाही, श्यामलालच्या गच्चीवर नाही. शेवटी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर, पार मधोमध, टिंग झालं.

“मग कथा पाळीवर,” महाराज म्हणाले.

श्यामलाल चिडले. “देव खाली देवळात अन् कथा वर पाळीवर?”

“मारुतीले उंचच पसंद आहे.”

 मंडप पाळीवर ठरला.

त्या दिवसापासून महाराज रोज सकाळी पेजर उपरण्यात गुंडाळून पाळीवर जात. समोर निळं पाणी, वर बगळे. महाराज एक ओळ म्हणत आणि बटण दाबत. मग वाट पाहत. कधी पटकन, कधी बगळ्याचा एक मासा खाऊन होईपर्यंत वेळ लागे, पण टिंग होऊन काचेवर ‘येस’ यायचंच. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ती तीन अक्षरं महाराजांना आता रामरक्षेइतकी ओळखीची झाली. गळा मोकळा व्हायला लागला. केवटाच्या ओळीवर येस यायला जरा उशीर झाला, तर महाराज म्हणत, “रडून राहिला असेल. येऊ द्या सावकाश.”

गोमतीबाई डबा घेऊन यायच्या आणि बघत राहायच्या. “इतकी वर्षं मी घरात हो म्हणून राहिली,” त्या म्हणाल्या, “माझ्यावर काही असा जीव नाही गेला.”

“तू म्हणतेस, पण नंतर आपलंच करतेस. हुंकार असा नसते, भूमेश्वरीची माय.”

जयंतीच्या आदल्या दिवशी उमेंद्र जरा काळजीत आला. टेकचंदचा पेजर त्याच्याआधी एका लग्नाच्या दलालाकडं ट्रायलला होता. कुणाला बँड हवा, कुणाला घोडी हवी, तो सगळं जुळवून द्यायचा. आता तो दलाल रायपूरला गेला, पेजर कंपनीला देऊन गेला, पण त्याच्या माणसांना हे कुठं माहीत.

“त्याहिचे मैसेज अजून त्याच पेजरवर येऊन राहिले मामाजी. उद्या काम आहे का, येऊ का, असे. अन् काकाजीले वाचता येत नाही. टिंग वाजलं की येस. टिंग वाजलं की येस.”

“तुम्ही सांगतलं नाही त्याले?”

“सांगतलं ना जी, की सगळे आपले नाहीत. तर मलेच म्हणाले, कोणी बोलून राहिला अन् आपण चूप बसाचं? त्याची कथा अडते ना, बाप्पा.”

महाराजांचा ऊर भरून आला. “हुंकारी आहे तो. पक्का,” एवढंच ते म्हणाले, आणि त्या ‘येस’ला पुढं पाय फुटतील असा विचार काही त्यांच्या मनात आला नाही.

हनुमान जयंतीला उन्हं कलल्यावर पाळीवर कथा उभी राहिली. मारुतीची तसबीर, रामाची तसबीर, झेंडूची माळ, मागे तलावावरचा वारा. टेकचंदच्या जागी, चटईच्या तुकड्यावर, उमेंद्र पेजर घेऊन बसला. बटण त्यानं दाबायचं आणि आलेला हुंकार मोठ्यानं वाचायचा, असं ठरलं होतं. श्यामलाल हाताची घडी घालून समोरच बसले होते, बालाघाटला जायची तयारी करूनच बसल्यासारखे.

महाराजांनी नमन केलं, अभंग लावला, आणि कथेला हात घातला. “राम, लक्ष्मण, सीतामाई गंगेच्या काठी आले...”

उमेंद्रनं बटण दाबलं. सगळे थांबले. टिंग.

“येस,” उमेंद्र म्हणाला, शाळेत हजेरी दिल्यासारखा.

पोरं फिदीफिदी हसली. महाराजांनी लक्ष दिलं नाही. त्यांना त्या कोरड्या येसच्या आत टेकचंदचा ओला ‘हो जी’ ऐकू येत होता. ते खुलले. “समोर अथांग पाणी...” टिंग, येस. “अन् काठाले एक नाव...” टिंग, येस. हळूहळू लोकांनाही त्याची गंमत लागली. टिंग व्हायच्या आधी सगळी पाळ श्वास धरायची आणि झालं की बायका, पोरं, मृदंगवाला एका सुरात ‘येस’ म्हणायचे. उदारामचा तर खोकलाही थांबला. श्यामलालच्या हाताची घडी थोडी सैल झाली.

मग आला केवटाचा प्रसंग. महाराजांचा जीव की प्राण. केवट म्हणतो, देवा, तुमच्या पायाच्या धुळीनं दगडाची बाई झाली, माझी नाव तर लाकडाची आहे. आधी पाय धुऊ द्या, मग बसा. महाराज अर्धे केवट झाले, अर्धे राम झाले. त्यांनी उजवा पाय वर उचलला, हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, “अन् रामरायानं आपला कोवळा पाय केवटापुढं धरला...”

उमेंद्रनं बटण दाबलं.

काही नाही.

महाराज एका पायावर उभे. वारा आला, उपरणं उडालं, महाराज डुलले. मृदंगवाल्यानं पुढं होऊन खांदा दिला. उमेंद्रनं पुन्हा बटण दाबलं, पेजर हलवला, कानाला लावला, वर धरला. काही नाही.

“महाराज,” श्यामलाल म्हणाले, “राम लंगडी खेळून राहिला का?”

हसू पिकलं.  “हुंकार आल्याबिगर पाय खाली ठेवत नसतो,” ते म्हणाले. बोलले ठामपणे, पण आतून पार खचले. टेकचंदला काही झालं तर नसेल? की केवटाच्या ओळीवर त्याला ती म्हैस आठवली, आणि त्यानं मुद्दाम तोंड मिटलं?

उमेंद्र पाळीवरून पळत गेला आणि पाणी सोडायच्या दाराच्या लोखंडी खांबावर चढला. “अजून नाही मामाजी,” तो वरून ओरडला.

“पाय खाली ठेवा अजी, गोळा येईल,” गोमतीबाई म्हणाल्या.

“नाही.”

श्यामलाल उठले. धोतर झटकून ते समितीकडं वळले, आता ते बालाघाट म्हणणार हे सगळ्यांना कळलं. महाराजांनी डोळे मिटले.

तेवढ्यात पाळीखालून ढोल वाजला. ढोलामागून पिपाणी, तिच्यामागून झांज. लोक माना वळवून पाहू लागले. खाली एक मेटाडोर उभी होती. तिच्यातून लाल कोटावर सोनेरी झालर लावलेला अख्खा बँड उतरून वर चढत होता. मागून मोत्यांची कपाळपट्टी बांधलेली पांढरी घोडी. तिच्यामागे एक हलवाई डोक्यावर बुंदीची परात सांभाळत. आणि या सगळ्यांच्या पुढं, काखेत चटई मारून, धापा टाकत टेकचंद.

त्यानं वर पाहिलं. मंडप पाहिला, पाणी पाहिलं, महाराजांचा अधांतरी पाय पाहिला. कुठल्या ओळीवर कथा अडली हे विचारायची त्याला गरज नव्हती.

“हो... जी... महाराज,” टेकचंद म्हणाला. चढणीनं दम लागला होता म्हणून, की आणखी कशानं, पण तो हुंकार असा काही ओला निघाला की बायकांनी पदर डोळ्याला लावले.

महाराजांनी पाय खाली ठेवला.

दोघं समोरासमोर आले. दोघांचं बोलणं तर बंद. बँडवाल्यांना हे काय माहीत, ते वाजवतच राहिले. शेवटी महाराजांनी घोडीकडं बोट केलं. “हे काय?”

“सकाळपासून दारात उभे होते जी,” टेकचंद पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला. “तुम्हीच येस म्हणलं, म्हणत. नवरदेव कोठे आहे, विचारून राहिले. आता दिलेला हुंकार परत कसा घ्याचा? मले एकच नवरदेव माहीत होता. तो तुमच्याकडे आहे. मेटाडोरमध्ये बसवून घेऊन आलो सगळ्याहिले. रस्त्यानं वाजलं तसं येस म्हणतच होतो, पण मधात जंगल लागलं, अन् हे मुकं झालं. तरी मी आपला अंदाजानं दाबतच राहिलो.”

 महाराजांनी रामाच्या तसबिरीकडं पाहिलं, मग बँडकडं, मग बुंदीकडं. बुंदी गरम होती. त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला, जसा फक्त कीर्तनात उजळतो.

“मंडळी,” ते म्हणाले, “वनवासाले बँड शोभते का?”

“नाही,” मंडळी म्हणाली.

“घोडी शोभते का?”

“नाही.”

“मग केवटा, नाव फिरव. वनवास नंतर पाहू. आधी मिथिलेले चला, रामाचं लग्न आहे.”

रामकथा आजवर पुढंच गेलेली लोकांनी ऐकली होती. मागं वळलेली पहिल्यांदाच पाहिली. टेकचंदनं उमेंद्रला हातानं बाजूला सारलं, आपली चटई अंथरली आणि मांडी घातली. रामाची तसबीर घोडीवर ठेवली, एका बाजूनं गोमतीबाईंनी धरली, दुसऱ्या बाजूनं श्यामलालनी. अध्यक्ष असल्यामुळं त्यांना तो मान सोडवला नाही. बँडला वरातीत वाजवायच्या सिनेमाच्या चाली सोडून काही येत नव्हतं. त्यांनी त्याच वाजवल्या, मृदंगानं त्यांना सांभाळून घेतलं, आणि पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रामाची वरात अशी निघाली की तलावातले बगळे उठून पलीकडच्या काठाला जाऊन बसले. घोडीवाल्याचं, हलवायाचं काय देणंघेणं ते पुढं उमेंद्रनं आणि त्याच्या कंपनीनं निस्तरलं. त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

वरात मंडपात परतली. महाराजांनी धनुष्य मोडलं, म्हणजे मृदंगावर अशी थाप घेतली की मोडल्यासारखं वाटलं. टेकचंद ‘हो!’ म्हणाला, पोरं दचकली. मग महाराजांचा आवाज मऊ झाला. त्यांनी झेंडूची माळ हातात घेतली. “अन् सीतामाई आल्या. लाजत आल्या. त्याहिनं रामरायाकडे एक डाव पाहिलं, अन् माळ घातली...”

त्यांनी टेकचंदकडं पाहिलं. टेकचंद टक्क जागा होता. वडे त्यानं त्या दिवशी खाल्लेच नव्हते.

“बरं झालं, महाराज,” टेकचंद म्हणाला.

 दरेकशाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? मृदंगवाल्यानं खालचा ओठ दातांत धरला. श्यामलालनी महाराजांकडं पाहिलं. महाराज आधी नाकातून हसले, मग पोटातून, आणि हसता हसता त्यांनी ती माळ रामाला घालायची ती टेकचंदच्याच गळ्यात घातली.

“बरंच झालं, टेकचंद,” ते म्हणाले.

एवढ्यात टिंग झालं. जंगलात अडकलेला केवटाच्या ओळीचा तो हुंकार कुठूनसा वाट काढत पोहोचला होता.

“येस,” उमेंद्रनं सवयीनं वाचलं.

“त्या डब्याले म्हणावं, आता झोप,” गोमतीबाई म्हणाल्या, आणि बुंदीची परात पुढं केली.